कलम आठ

क्लावदिया येफ्रेमोव्हना परीक्षेला बसते आहे
एकसष्टाव्या वर्षी.
मंगळवारी सहाला नार्वाच्या वाचनालयात येते,
खिशात मावेल एवढी राज्यघटना
आणि पिशवीत माझ्यासाठी बरणीभर खारवलेल्या काकड्या.

चोवीस प्रश्न, मी सांगते, अठरा बरोबर हवेत.
पुस्तक उघडून लिहिता येतं.
मग अवघड काय?
भाषा. एस्टोनियनला चौदा विभक्ती आहेत.
"चौदा! आणि त्यातली मी कुठली?"

तिचा पासपोर्ट राखाडी.
वर लिहिलंय : परदेशी.
कुठल्या देशाची, ते नाही लिहिलेलं.
आत : नागरिकत्व, ठरलेलं नाही.
"बघ, मी अजून ठरायचेय," ती हसते,
"तेहेतीस वर्षं गिरणीत मागांपुढे उभी होते,
सूत तुटलं की गाठ मारत,
तेव्हा कुणी विचारलं नाही, बाई, तू ठरलीस का म्हणून.
नगरपालिकेला माझं मत चालतं.
देशाला चालत नाही."

खिडकीबाहेर नदी. पलीकडे दुसरा किल्ला, दुसरं राज्य,
तिथे तिची बहीण. पुलावर रांग.

माझी आई सात वर्षांची होती,
मार्च एकोणपन्नास, पहाटे दार वाजलं,
आणि दारातली माणसं क्लावदियाच्या भाषेत बोलत होती.
हे मी तिला सांगितलेलं नाही.
काकड्या मात्र चांगल्या असतात. बडीशेप घालते ती.

आज कलम आठ.
जन्माने मिळालेलं नागरिकत्व
कुणाकडूनही काढून घेता येत नाही.
तिने चष्मा वर केला.
"आणि परीक्षा देऊन मिळालेलं?"
मी पान उलटलं. पुढच्या पानावर मासेमारीची जाहिरात होती,
कुणीतरी खूण म्हणून ठेवलेली.

ती मग सफरचंदांवर बोलत राहिली.
तिच्या बागेत रानटी खोडावर अंतोनोव्हकाचं कलम आहे.
"तिरका छेद द्यायचा, घट्ट बांधायचं,
आणि सुतळी सोडायची घाई करायची नाही.
धरलं की धरलं.
तिसऱ्या वर्षी फळाला कोण विचारतं
खोड कुणाचं?"
खोडाला विचारतात, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

शेवटी सरावाची उत्तरपत्रिका.
प्रश्न पहिला : सर्वोच्च सत्ता कोणाकडे असते?
तिने लिहिलं, लोकांना. खोडलं.
लोकांत. खोडलं.
लोकांशी. जीभ दातांत धरून पुन्हा खोडलं.
मान वर न करता विचारलं,
"हे लोक म्हणजे, हेल्वे,
मला जमेत धरून, की सोडून?"

आणि उत्तराची वाट न बघता
ठळक, गोल, गिरणीच्या हजेरीपटावर सही करावी तशा अक्षरात
लिहून टाकलं :
लोकांवाचून.

हीसुद्धा विभक्तीच आहे आमच्या भाषेत.
व्याकरणात चूक नाही.

लाल पेन माझ्या हातात होतं.
वाचनालयाचे दिवे एकेक करून मालवायला लागले होते.