पाण्याखाली आहे

दिवाळीला दीड महिना उरला की
अर्ध्या नांदेडला समुद्र लागतो.
वजिराबादेत, झेरॉक्सच्या दुकानावर, माझं टेबल;
काचेखाली तारकर्लीचा नकाशा,
काचेवर चहाचे गोल डाग, नकाशात नसलेली बेटं.
मी सगळ्यांना तेच सांगते :
रूम आधी, बोट नंतर, ॲडव्हान्सची पावती फेकू नका.
वादळ आलं तर पैसे परत, हे तोंडी नको, कागदावर घ्या.
आणि डाईव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका,
मध्ये एक रात्र किनाऱ्यावर झोपा.
लगेच घाट चढलात तर
रक्तात राहिलेली हवा भांडते.

मुंजाजी तेलंगे आले ते चपला जिन्यात काढून.
पोरीच्या पहिल्या पगाराचे पैसे,
स्टीलच्या डब्यात, रबर लावून.
माणूस एक. डाईव्ह दोन.

फॉर्म मी भरत होते.
दमा? नाही. बीपी? नाही. कान?
"डावा जरा कमी ऐकतो."
त्यावर डॉक्टर उत्तरवारांची चिठ्ठी : चालेल, सावकाश उतरावे.
याआधी पाण्याखाली गेला आहात?
"व्हय."
किती वेळा?
त्यांचा अंगठा करंगळीच्या पेरावरून निघाला
आणि मधेच कुठंतरी थांबला.
तेव्हा ओळखलं मी.
घाटावर गर्दी मागं सरते
आणि एक जण शर्ट काढून
कमरेला दोर बांधतो, तो.
रकान्यात लिहिलं : अनेकदा.

"मॅडम, तिथं खाली कुणी हाय का?"
मासे आहेत, म्हणाले. प्रवाळ.
"तसं न्हाई. कुणाचं कुणी."
नाही हो.
"मंग बरं."

मी खुणा दाखवल्या.
अंगठा वर म्हणजे छान नव्हे, वर चला.
छान असेल तर बोटांचं कडं.
आणि खाली कशालाही हात लावायचा नाही.
हे शेवटचं त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

विमा वादळाचा होतो, सामानाचा, रद्द झालेल्या बसचा.
ठाण्यातून येणाऱ्या फोनचा होत नाही.
म्हणून जाताना मोबाईल माझ्या खणात ठेवला, चार्जरसकट.
"केरबाला सांगितलंय. पुतण्या हाय. त्याला दोर ठाऊक हाय."

पाडव्याला मी वहीवर हळदकुंकू वाहत होते
तेव्हा तो वाजला.
दोनदा नाही उचलला.
तिसऱ्यांदा : मुंजाजी आहे का?
पाण्याखाली आहे, म्हणाले मी.
खोटं नव्हतं.
पलीकडं नुसती वॉकीटॉकीची खरखर.
मग, कुठल्या घाटावर?
लांबच्या, म्हणाले, आणि केरबाचा नंबर दिला.
दुपारी करंजीचा तुकडा तोंडात तसाच राहिला.
कुणाचं तरी कुणी काठावर थांबलं असेल
आणि मी इथं, पावती सांभाळावी तसा
एक माणूस सांभाळला होता.

भाऊबीज उलटल्यावर आले. नाक सोललेलं,
पिशवीत माझ्यासाठी कोकमाची बाटली.
काय पाहिलं?
"पाणी."
मी वाट पाहिली.
"आपलं गढूळ. हातानंच बघाया लागतं.
बोटाला केस लागले की कळतं.
तिथं हात छातीवर बांधून ठेवले, सरनं सांगितल्यालं,
आन् डोळे उघडे.
एक निळा मासा तोंडापुढून गेला, त्याच्या कामाला.
सर सारखा इचारूलालता, कडं करून,
मी बी करूलालतो कडं.
मंग त्यानं अंगठा वर केला.
मी मान हलवली. न्हाई म्हणलं."

फोन दिला. अकरा मिस्ड कॉल.
केरबाला लावण्याआधी
ते जिन्यात उभे राहिले, चपला घालून,
नाक चिमटीत धरलेलं, गाल फुगलेले,
कान मोकळे करत
उतरताना शिकवलं होतं तसे.