रस्त्याचा खांदा

चलनावर लिहिलं होतं:
महामार्गाच्या खांद्यावरून वाहन चालवणे,
अंतर अंदाजे पाचशे फूट.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवतेय मी
डुलूथच्या उत्तरेला, तळ्यांच्या मुलखात,
पण रस्त्यालाही खांदा असतो
हे असं तारीख-वेळेसकट कधी वाचलं नव्हतं.

भरून टाक आणि मोकळी हो, बहीण म्हणाली.
एकशे पस्तीस डॉलर. काय मोठे.
पण लायसन्सला एकदा डाग लागला
की पिवळ्या बसची किल्ली
डेपोतल्या लेनर्डच्या ड्रॉवरमध्ये जाते
आणि तिथून परत येत नाही.

म्हणून रविवारी त्याच जागी गेले.
मोजायची टेप, जावयाचा कॅमेरा, थर्मासमध्ये कॉफी.
फेब्रुवारी. पांढऱ्यावर पांढरं.
कडेची ती पांढरी रेघ होती कुठे?
बुटाने उकरलं, मग हातांनी.
नऊ इंच खाली लागली,
कुत्र्याने पुरून ठेवलेल्या हाडासारखी.
"जी रेघ दिसत नाही, ती ओलांडली कशी?"
असं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
वाक्य मला फार आवडलं.
घरी येऊन चौदा फोटो चिकटवले,
लाल पेनने बाण काढले.

खरं कारण वहीत नव्हतं.
पुढे ट्रेलर आडवा झालेला,
गाड्या जागच्या जागी,
पाऊण तास, आणि मला लघवीला लागलेली.
अठ्ठावन्नाव्या वर्षी पाऊण तास म्हणजे काय
हे कुठल्या कलमात लिहिलंय?
समोर पेट्रोल पंपाची पाटी.
मधे तो खांदा, रिकामा, रुंद, निर्लज्ज.
गेले.

कोर्ट म्हणजे लायब्ररीच्या वरचा मजला.
माझ्याआधी एक मासेमार, हद्दीपेक्षा चार मासे जास्त.
मग एका पोराचा फुटका सायलेन्सर.
मग माझं आडनाव, नेहमीसारखं मोडून.

आणि साक्षीला हायवे पोलीस व्हर्नेस.
त्या दिवशी गॉगल आणि टोपीखाली ओळखला नव्हता.
आता टोपी हातात होती.
कोल्बी.
तिसरी रांग, खिडकीची जागा.
पहिलीत होता. नोव्हेंबर. पुलाच्या उतारावर बस खोळंबलेली,
आणि सीटखालून एक बारीक ओघळ
माझ्या बुटांपर्यंत आलेला.
मी उठले, पोरं मोजायचं नाटक करत मागे गेले
आणि थर्मासमधली गार कॉफी
सगळीच्या सगळी त्याच्या मांडीवर सांडली.
"मेली मीच वेंधळी," मोठ्याने म्हटलं,
सगळ्या बसला ऐकू जाईल असं,
आणि माझा स्वेटर त्याच्या कमरेला बांधला.
स्वेटर परत आला नाही.
मीही मागितला नाही.

बोला, न्यायाधीश ऑबुशॉनबाई म्हणाल्या.
मी बोलले. नऊ इंच, चौदा फोटो,
न दिसणारी रेघ.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं:
"ते ठीक. पण गेलात का, मिसेस कोयविस्तो?"
वहीत त्याला पान नव्हतं.
"घाई होती."
"कसली?"
मागे मासेमार खोकला.
माझे कान तापले. तोंड उघडलं,
शब्द आला नाही.

कोल्बीने टोपी या हातातून त्या हातात घेतली.
"रेघ त्या दिवशी मलाही दिसली नव्हती, मॅडम.
पाचशे फूट मी अंदाजाने लिहिलं."
माझ्याकडे पाहिलं नाही.
त्याला आठवत होतं?
की खरंच दिसली नव्हती?
विचारायची ती जागा नव्हती.
नंतर पार्किंगमध्ये जागा होती, तो होता, मी होते,
तेव्हाही नाही विचारलं.
थंडी फार आहे, एवढंच म्हणालो दोघं.

चलन रद्द. कोर्टखर्च पंचवीस डॉलर, पावतीसह.

उद्या सहा-चाळीसची फेरी.
थर्मास घासून ठेवलाय.
शेवटचा कप मी कधीच पीत नाही,
गार होऊ देते.
कधी लागेल, सांगता येत नाही.