पुसू नये

हेल्टरमाच्या धक्क्यावरच्या लाकडी खोलीत
पहाटे सहाला कॉम्प्युटर काळा पडदा पांघरूनच उठला
आणि विचारता झाला: कुठल्या गाभ्यावर?
वर नवा, रविवारी रात्री आपोआप उतरलेला.
त्याखाली जुना.
त्याखाली त्याहून जुना, ज्याच्या आकड्यांवरही धूळ असावी.
पाच सेकंद. चार.

काल मी काहीच निवडलं नव्हतं.
तो आपला सगळ्यात वरच्यावर गेला.
पडदा लख्ख, घड्याळ बिनचूक,
फक्त बर्फात पुरलेल्या सहा तारांपैकी
एकीलाही ओळख दाखवेना.
समुद्र किती जाड गोठलाय, विचारलं
तर दिवसभर शून्य म्हणाला,
नम्रपणे, दर दहा मिनिटांनी.

शून्यावर सव्वीस किलोमीटरचा रस्ता कसा उघडायचा?
फाटकाशी पावाची गाडी खोळंबलेली,
मागे एक नवरदेव, कोटावर कोट चढवलेला,
आणि लेलोची धाकटी बहीण, गालाला रुमाल,
दाढेचा डॉक्टर पलीकडच्या तीरावर.

लेलो आता घरीच असते, मोतीबिंदू काढून.
हे सगळं तिनंच जोडलेलं.
फोनवर म्हणाली, तिसरा घे.
जुनं ते सोनं वगैरे काही नाही,
नव्यात ती जुनी पेटी कोणाच्या खिजगणतीत नाही, एवढंच.
आपल्या रस्त्यावर गाडीत पट्टा का बांधत नाहीत?
फुटलाच बर्फ, तर दार ढकलून निघता यावं.
म्हणून ठेवलाय तो.
पडद्याच्या कडेला पिवळी चिठ्ठी, तिचंच किरटं अक्षर:
पुसू नये.

तीन. दोन.
बाण खाली, खाली, एंटर.
अक्षरांची पांढरी चळत सरसर वर गेली,
मध्येच अडली (माझा श्वासही),
मग एकेक तार बोलायला लागली:
पंचवीस. सव्वीस. चोवीस. पंचवीस.
पाचवी: एकोणीस.
सहावी तेवीस.

बावीस लागतात.

बाहेर जाऊन मी सांगितलं, आजही बंद.
पाववाला म्हणाला, मग कालच्यात नि आजच्यात फरक काय?
मला त्याला पाचव्या तारेबद्दल सांगायचं होतं,
तिथं खाली कुठला तरी प्रवाह अजून जागा आहे म्हणून.
तो तोवर गाडी वळवत होता.
नवरदेव बर्फावर बूट आपटून बघत राहिला.
लेलोची बहीण माझ्या खोलीत आली,
व्होडकाची गुळणी दाढेत धरून
शेगडीपाशी बसली,
आणि दर दहा मिनिटांनी
भुवया उंचावून पडद्याकडे बघत राहिली.