कूलरचं तोंड

मार्च लागला की माझा फोन वाजतो.
"ताट्या बदलायच्या आहेत, केव्हा येता?"
होळीच्या आत सगळ्यांनाच मी पाहिजे असतो,
पाऊस पडला की माझं नावही आठवत नाही कोणाला.

मानेवाड्यापासून बेसापर्यंत
गाडीवर वाळ्याचे गठ्ठे, पिशवीत पंप, बेअरिंग, तार,
आणि डोक्यात या शहराचा एक नकाशा
जो कॉर्पोरेशनजवळही नाही:
कोणत्या घरात कूलरचं तोंड कोणाकडे.

इटनकरांकडे ते थेट सरांच्या पलंगावर.
मॅडम भिंतीकडून, उरलेल्या हवेत.
मेश्रामांकडे मुलीच्या टेबलावर,
मे महिन्यात तिची परीक्षा आहे म्हणून;
ती झाली की परत टीव्हीसमोर.
एका घरात, नाव नाही सांगत,
दोघा भावांनी रेग्युलेटरवर पेनानं रेघ मारून ठेवली आहे.
रेघेच्या पुढे बटण गेलं
तर सकाळच्या चहापर्यंत पुरते ते भांडण.

निनावे बाईंनी एसी घेतला, तरी कूलर विकला नाही.
स्टूल धरता धरता हळूच म्हणाल्या,
"पोरगा अठरावर ठेवते, भाऊ. हाडात शिरते मले.
तो झोपला का मी हॉलमधी येऊन पडतो.
तुमच्या गवताचा वास आला का मंग डोळा लागते."
ताट्या जरा जाड भरून दिल्या त्यांना,
पैसे तेवढेच घेतले.

नवतपात पेपरवाले
साऱ्या शहराचा मिळून एकच आकडा छापतात.
छापू द्या बापा.
दार लावून घेतल्यावर
एकाच खोलीत दोन दोन हवामानं असतात,
मधात फक्त एक चादर.

डिसेंबरात हीच घरं माळ्यावरून हीटर काढतात.
कॉइल गेलेली, वायर उंदरानं कुरतडलेली.
दुरुस्त करून, लावून, लाल होतो का पाहत उभा राहतो मी.
इटनकरांकडे हीटरचं तोंडही सरांकडे.
मॅडमनं शाल घट्ट केली
आणि विचारलं, चहा घेता ना.

माझ्या घरचा कूलर मी स्वतः बनवला आहे,
पत्रा भंगारातला, मोटर एका हॉस्पिटलची,
आवाज असा की शेजारी म्हणतात
सुरू झाला का आम्हालाही समजते.
त्याचं तोंड माझ्याकडे.
काहून? तर मी दिवसभर उन्हात असतो.
असं कोणी ठरवलं नव्हतं.
लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ठेवला तसा,
एकोणीस उन्हाळे तसाच.
कुंदा दाराजवळ झोपते, फरशीवर,
मला वाटायचं तिला फरशी आवडते.

परवा निनावे बाईंकडून आलो, हातपाय धुतले,
आणि तिला विचारलं,
तुला किती गार लागतं?
ती पोळी लाटत होती.
"किती म्हणजे?"
म्हटलं, एक नंबर, दोन नंबर, तीन?
लाटणं थांबलं नाही.
"मले कुठं माहीत," म्हणाली,
"कोणी विचारलंच नाही आजवर, तर मीही काही पाहून नाही ठेवलं."

रात्री स्टँड ओढून मी तोंड दाराकडे वळवलं.
ती बटणापाशी गेली. तीन केलं.
पदर उडाला, तेव्हा हसली जरा. दोन केलं.
खाली बसली. परत उठली.
एक. परत दोन.
मी इकडे घामात पडून मोजत होतो,
एवढा वेळ तिनं कधी
स्वतःसाठी साडी पाहायलाही लावला नाही.

मग आडवी झाली.
थोड्या वेळानं, अंधारातूनच,
"ऐका ना, टाकीत पाणी कमी आहे बहुतेक,
आवाज कोरडा येऊन राहिला."

उठलो. बादली घेतली.
एकोणीस वर्षं ही बादली
कोण भरत होतं, ते तेव्हा आठवलं.