आवाज कसा येतो?

नवलख्याच्या बसस्टँडमागे माझं गॅरेज.
पाटीवरचं 'मो' गळून पडलंय, उरलंय 'टर्स'.
चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न एकच:
आवाज कसा येतो?

आणि लोक आवाज काढायचे.
तुकोगंजचे वकील, एरवी मोजून बोलणारे,
ओठ मुडपून करायचे चुंईऽ... चुंईऽ,
म्हणजे पट्टा.
सियागंजचा चहापत्तीवाला गाल फुगवून
भुडुक् भुडुक्. सायलेन्सर.
एक नवी नवरी, नवऱ्याच्या आड उभी,
आधी लाजली, मग अशी काही खर्रर्र केली
की अब्बन उस्तादांनी हातातला कप खाली ठेवला:
"बेटी, क्लचप्लेट. बिल्कुल क्लचप्लेट."

आता गाड्या स्वतःच सांगतात.
रात्री अडीचला, मालक झोपलेला असताना,
स्कीम अठ्ठ्याहत्तरच्या कुठल्याशा पार्किंगमधून
निरोप येतो:
तिसऱ्या सिलिंडरात ठिणगी चुकते. मंगळवार चालेल?
नैतिक टॅब्लेटवर बोट ठेवतो. चालेल.
देवास नाक्याहून पार्ट आपला आपण निघतो.
मंगळवारी मालक किल्ली टेबलावर ठेवतो
आणि आम्हा दोघांना एकमेकांना विचारण्यासारखं
काही नसतं.
मेट्रोबद्दल बोलतो. उकाड्याबद्दल.

खोटं कशाला बोलू, काम चोख होतं.
पूर्वी मी अंदाजाने तीन भाग बदलायचो,
दुखणं चौथ्यात निघायचं,
पैसे चारींचे घ्यायचो.
ब्रेकचं तेल गळतंय हे तेव्हा भेरूघाटात कळायचं,
आता अंगणात कळतं.

परवा गुडघ्यासाठी एमवायला गेलो.
डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, नॉर्मल आहे.
मी म्हटलं, पण जिना उतरताना असा कट्टक्...
त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

मग गुरुवारी भुसकुटेबाई आल्या.
गाडी नवीकोरी, सगळे दिवे हिरवे.
नैतिकने दोनदा तपासली.
"मॅडम, गाडी म्हणतेय, काही नाही."
"गाडीला म्हणावं, तू चाल. ऐकायला मी आहे."
आणि सत्तरी उलटलेल्या बाईंनी
पर्स काखेत दाबली, मान कलती केली:
"गुळ्ळऽ... टक्.
डावीकडे वळलं की. फक्त डावीकडे."

मी हात पुसले. शेजारी बसलो. डोळे मिटले.
भंवरकुआंच्या चौकात डावीकडे:
गुळ्ळऽ... टक्.
पुढच्या गल्लीत परत.
सीटखाली हात घातला, निघाली
जीरावनची शिशी, झाकण घट्ट, अर्धी भरलेली.
"अगंबाई," बाई म्हणाल्या,
"आणि मी चार दिवस सुनेवर आळ घेतेय!"

पैसे घेतले नाहीत. चिमूटभर जीरावन घेतलं, पोह्यांवर.

संध्याकाळी नैतिक विचारतो, सिस्टीममध्ये काय भरू?
दोषांच्या यादीत अडीच हजार नावं,
त्यात हे नाही.
म्हटलं, ऐकलंस तसं लिही.
तो थांबला. दाराकडे पाहिलं, कुणी नाही ना,
आणि अगदी हळू, तोंडातल्या तोंडात,
गुळ्ळऽ टक्.

"टक् जरा उशिरा, भिया," मी म्हटलं.
"परत कर."