कौल

हे परत आले तेव्हा बॅगेत
अर्धी जागा कानटोप्यांनी खाल्लेली.
बाकी काय आणलं विचारलं, तर म्हणाले, थंडी.
सांबऱ्याच्या विमानतळापासून खानापूरपर्यंत
काचेला डोकं टेकून बाहेर बघत बसले,
जणू मीच त्यांना परमुलखात घेऊन चालले होते.

मंडळीनं वर्गणी काढून पाठवलं होतं.
मिशनरी घराणी इथं राहून गेली, म्हातारी झाली.
इतकी वर्षं ते यायचे, आता आपण जाऊ,
असं रूबेनकाका म्हणाले, आणि शंभराच्या दोन नोटा
दानाच्या थैलीत न टाकता टेबलावर ठेवल्या.

रात्री थोडं थोडं कळलं, भाकरी मोडता मोडता.
तिथं बाप्तिस्म्याचं पाणी कोमट करून ठेवतात,
चर्चच्या आतच हौद, पायऱ्यांना रबर.
इथं मलप्रभेत उतरताना
पायाखालचा दगड कधी सरकेल नेम नाही,
आणि जानेवारीत दात वाजतात ते आमेनच्या आधी.

एका घरी नातवानं पेटी दाखवली. किल्ली हरवलेली.
एका घरी जेवण झालं, खानापूरचं नावही निघालं नाही,
कुत्र्यानं मात्र ह्यांचा हात चाटला.

शेवटी विनीबाई. एक्क्याण्णव वर्षांच्या.
वृद्धाश्रम, खिडकीबाहेर नुसतं पांढरं, सपाट.
हे इंग्रजी जुळवत दारात उभे,
तर आतून आवाज:
"या की ओ, भायेरच का उभारलायसा?"

माझे गुडघेच गेले, म्हणतात.
चौदाव्या वर्षी गेलेली पोर,
कुणाशी बोलून जपली असेल तिनं ही बोली?
नवऱ्याला येत नव्हती, मुलांना येत नव्हती.
"कोंबड्यांसंगं," ती म्हणाली. "त्या हसत न्हाईत."

मग फणसाचं विचारलं. दस्तगीरच्या टांग्याचं.
कुंदा अजून तसाच करपवतात का, ते.
आणि मधेच, उशी नीट करत,
"आमचा बाळ हाय न्हवं तितं? चिंचेखाली?"
आठ महिन्यांचा भाऊ. तापानं गेलेला.
"हाय की बाई," हे म्हणाले.
"झाडूनपुसून ठेवलंय."

पेत्राच्या तीन नकारांवर
वीस वर्षं प्रवचनं केलेला माणूस
एका होकारानं निजेना.

सोमवारी कोयता घेऊन गेले. मीही गेले.
चिंच नव्हती. जमीनच नव्हती तिथं.
कौलाच्या कारखान्यानं माती नेलेला खड्डा,
हिरवं पाणी, पाण्यात म्हैस,
म्हशीवरचा पोरगा ओरडला, अक्का, काय हरवलं?
ह्यांनी कोयता पाठीमागं लपवला,
चोरी करताना सापडल्यासारखा.

घरी आल्यावर ह्यांनी वर पाहिलं.
मग मीही पाहिलं.
आमचं छप्पर त्याच कारखान्याचं,
सासऱ्यांनी बैलगाडीतून आणलेलं, अडुसष्टात.
प्रत्येक कौलावर उलटा शिक्का.
कुणी काही बोललो नाही. दूध उतू गेलं.

चार दिवस पत्र चाललं होतं.
मी वाचलं नाही. दिसलं एवढंच,
"प्रिय विनीबाई"च्या खाली नुसती खोडाखोड
आणि शेवटी एक स्वच्छ ओळ,
जिच्यात "नाही" होतं.

न्हाणीमागं फुटकी कौलं रचून ठेवलीत.
त्यातलं एक काढलं, काथ्यानं घासलं,
दुपारभर उन्हात ठेवलं,
आणि परदेशच्या कानटोपीत गुंडाळलं.

पोस्टात नवा पोरगा, धारवाडकडचा.
फॉर्मवर एक रकाना वस्तूचा, एक किमतीचा.
"एनैती इदरागं?"
हंचु, मी म्हटलं. कौल.
"ओडदद्देनु?" फुटकं?
हौद्री.
तो माझ्याकडं बघत राहिला. मागं रांग.
किमतीच्या रकान्यात त्यानंच शून्य घातलं,
मग पुडकं काट्यावर ठेवलं.

एक किलो आठशे, म्हणाला.

एवढंच?
मी म्हटलं.