कारणाचा रकाना

आमचं घर म्हणजे मुलींच्या वसतिगृहाचा
तळमजल्यावरचा डावा कोपरा.
दारावर पाटी : ‘अधीक्षक’.
पाटीखाली शाल्मलीनं खडूनं काढलेलं कासव.
आत दोन खोल्या, पहाटे पाचलाच येणारं पाणी,
आणि डोक्यावर एकशे चौऱ्याण्णव बादल्या.

विमानं इतकी खालून जातात कालिन्यात
की आम्ही वाक्यं मध्येच धरून ठेवतो.
“आमटीत मीठ…”
(विमान)
“…घातलंस का?”
भुंगा बोलायला शिकला तोही असाच,
शब्दाच्या मधोमध जागा सोडून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अडखळतोय का हा?
मंदार म्हणाला, छे, वाट बघतोय
वरचं मोकळं व्हायची.

त्याला वाढवलं कुणी, असं विचारलंत
तर यादी सांगताना माझी धांदल होईल.
पहिलं पाऊल त्यानं टाकलं बावीस नंबरच्या खोलीत,
परभणीच्या सुवर्णमालाच्या अर्थशास्त्राच्या नोट्सवर.
मी तेव्हा मेसच्या डाळीतल्या खड्यांबद्दल
तिसरं स्मरणपत्र लिहीत होते.
लालरिनपुईनं त्याला पाठीशी बांधून
प्रबंधाचं अख्खं चौथं प्रकरण टाइप केलं,
गुणगुणत.
त्या मिझो अंगाईचा अर्थ तिला विचारायचा
असं ठरवून आम्हाला दोन वर्षं झाली.
झोप मात्र त्याला तिच्याशिवाय येत नाही.

शाल्मलीची बालभारती म्हणजे आवारातल्या पाट्या.
“ग-व-ता-व-र चा-लू न-ये.”
“वाहने लावू नयेत.”
नयेचा काना-मात्रा तिला सगळ्यात आधी आला.
एप्रिलमध्ये परीक्षेच्या हॉलसमोर
सायकलच्या दांडीवर बसून
एकेक अक्षर सोलत, गळा काढून ती ओरडली :
“शां-त-ता! रा-खा!”
खिडकीत एक पर्यवेक्षक उगवले.
त्यांच्या मागे कुणीतरी खुदकन हसलं,
त्या तीन तासांतलं बहुधा पहिलंच.

रात्री दहाला फाटक लागतं.
शेवंतामावशी टेबलावर वही पसरतात :
नाव, खोली, कुठून, किती वाजता, कारण.
‘ट्रॅफिक.’
‘मामांकडे जेवण.’
‘लॅबमध्ये पेशी मरत होत्या.’
‘ट्रॅफिक. ट्रॅफिक.’
एकदा एकीनं नुसतं लिहिलं, ‘समुद्र’.
लाल पेन उघडलं होतं मी.
मग सही केली
आणि पान उलटलं.

गेल्या गुरुवारी मलाच उशीर झाला.
फोर्टात उपसमितीची बैठक, मग टॅक्सी वाकोल्याला अडकलेली,
मंदार नाशिकला,
फोनची बॅटरी तीन टक्के.
पोचले तेव्हा पावणेअकरा.
मावशींच्या स्टुलावर शाल्मली,
पाय जमिनीपासून वीतभर वर,
केसांना कुणीतरी घातलेल्या अकरा बारीक वेण्या.
तिनं वही माझ्याकडे सरकवली.

“नाव.”
लिहिलं.
“खोली.”
आमच्या घराला नंबर नाही.
शून्य लिहिलं.
“कुठून? किती वाजता?”
मावशी पदराआड हसू दाबत होत्या.
“आता कारण.”

पेन टेकवलं तेवढ्यात विमान आलं.
आम्ही दोघी थांबलो,
सवयीनं,
ते सांताक्रूझला उतरेपर्यंत.
जेवढा वेळ ते गेलं नाही तेवढ्यात
मला बरीच कारणं सुचली,
काही आजची, काही गेल्या सहा वर्षांची.
लिहिलं : ‘बैठक’.

तिनं बोट ठेवून वाचलं. बै. ठ. क.
“एवढा वेळ
नुसतीच बसली होतीस?”

भुंगा जिन्यात तिघींच्या मधे झोपला होता,
कुणाच्या मांडीवर डोकं, कुणाच्या ओढणीत पाय.
त्याला उचलायचा तर कुठून सुरुवात करायची
कळेना मला.

सकाळी मावशी वही घेऊन आल्या.
मॅडम, अधीक्षकांच्या सहीच्या जागी
हे कासव आहे, पान फाडू का?
म्हटलं, राहू दे.
ऑडिटवाले आले की
बघू काय सांगायचं.